'वा' आणि 'असता': स्पॅनिशच्या इम्परफेक्ट सबजंक्टिव्हचा मराठी कागद (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे मधेच भरकटायला नको. संध्याकाळच्या आपल्या स्पॅनिश ग्रुपसाठी एक पाठपोट कागद करायचाय, त्यात फक्त इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका, 'असतं तर' असलं सांगायला लागणारं क्रियापदाचं रूप), आणि त्यातही फक्त रेग्युलर क्रियापदं. पुस्तकात हे सगळं आहेच, पण पुस्तक इंग्रजीतून समजावतं आणि इंग्रजीत हे रूप जवळपास संपलेलंच आहे, त्यामुळे ते 'वुड' आणि 'वेअर'च्या कसरती करत बसतं आणि आपली माणसं डबल गोंधळतात, एकदा इंग्रजीत अन् एकदा स्पॅनिशमध्ये. मराठीतून थेट गेलं तर काम निम्मं होईल असा माझा अंदाज आहे.

ग्रुप म्हणजे जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसणारी मंडळी. टॉवेल एक्सपोर्टच्या ऑफिसात मर्चंडायझर असलेले दादा (त्यांना बायरच्या मेल वाचायच्या असतात), घरूनच चॅट सपोर्टचं काम करणारा माझा मावसभाऊ, कॉलेजच्या दोघी, आणि शेजारचे काका. काका मराठीचे मास्तर होते, रिटायर झाले, स्पॅनिश का शिकताय विचारलं तर म्हणाले वेळ जात नाही. पण सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच असतात.

कागदावर स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहायचे. स्पेलिंग पुस्तकात आहे, हा कागद तोंडात बसवण्यासाठी आहे, बसमध्ये, दुकानात, कुठंही काढून पुटपुटता यावं म्हणून.

७ जानेवारी

रूप बनवायचा भाग आज उरकला, कारण तो खरंच सोपा आहे आणि लोक उगाच घाबरतात.

प्रेटेरिट म्हणजे साधा भूतकाळ, त्यातलं 'ते'वालं रूप घ्यायचं, म्हणजे 'ते बोलले', 'ते जेवले', 'ते राहिले'. आब्लार (बोलणे) चं आब्लारोन, कोमेर (खाणे) चं कोमिएरोन, बिबिर (राहणे, जगणे) चं बिबिएरोन. शेवटचं 'रोन' काढा, 'रा' लावा. आब्लारा, कोमिएरा, बिबिएरा. झालं, हे 'मी' चं पण रूप आणि 'तो/ती/आपण' चं पण. 'तू' ला रास, 'आम्ही' ला रामोस, 'ते' आणि 'तुम्ही लोक' ला रान. स्पेनमध्ये 'तुम्ही लोक' ला वेगळं राइस पण आहे, लॅटिन अमेरिकेत ते वापरत नाहीत, आपल्या दादांचे बायर मेक्सिको आणि चिलीचे, तर राइस कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात.

देवनागरीत हे रोमनपेक्षा जास्त स्वच्छ दिसतं हे मला आवडलं, 'रोन' जातं तिथं 'रा' बसतं, बाकी शब्दाला हात लावायचा नाही. एर आणि इर गटाची (म्हणजे शेवटी एर किंवा इर असलेली) क्रियापदं इथं हुबेहूब सारखी चालतात, त्यामुळे तीन गट नाहीत, दोनच, आरा आणि इएरा.

या नियमाला अपवाद नाही. मुद्दाम परत लिहिते, अपवाद एकही नाही. स्पॅनिशमध्ये असं वाक्य क्वचितच लिहायला मिळतं. जी क्रियापदं वाकडी आहेत ती 'ते'च्या रूपातच वाकडी झालेली असतात (तेनेर चं तुबिएरोन, देसिर चं दिखेरोन, सेर आणि इर दोघांचं फुएरोन), तिथून पुढे मात्र सरळ चालतात, तुबिएरा, दिखेरा, फुएरा. म्हणजे प्रेटेरिट ज्याचं पक्कं त्याचं हे फुकटात.

८ जानेवारी

'रेग्युलर' मध्ये कुणाला घ्यायचं यावर भावाशी वाद. तो म्हणतो येगार (पोहोचणे) इरेग्युलर आहे कारण 'मी पोहोचलो' चं स्पेलिंग बदलतं. बदलतं ते फक्त 'मी' मध्ये, आणि आपण 'मी' कडे बघतच नाही, आपण 'ते' कडे बघतो, येगारोन, तिथं काही बदल नाही, सरळ येगारा. बुस्कार (शोधणे), पागार (पैसे देणे) यांचं पण तेच. पेन्सार आणि बोल्बेर वर्तमानकाळात पोटातून बदलतात, पिएन्सो, बुएल्बो, पण प्रेटेरिटमध्ये गुपचूप सरळ होतात, पेन्सारोन, बोल्बिएरोन, म्हणून आपल्यासाठी ही पण रेग्युलर. आर आणि एर गटातली अशी पोटबदलू सगळी आत घेतली.

इर गटातली मात्र बाहेर. पेदिर (मागणे) चं पिदिएरोन, दोर्मिर (झोपणे) चं दुर्मिएरोन, ही पुढच्या कागदावर. आणि लेएर (वाचणे) चं लेयेरोन, लेयेरा, ते पण पुढे, इ च्या जागी य येतो एवढंच आहे पण आत्ता नको.

११ जानेवारी

आज मोठी गोष्ट सापडली आणि ती देवनागरीमुळेच सापडली.

भावाला कच्चा कागद वाचायला दिला. तो दोन वाक्यं एकाखाली एक बघून म्हणाला, "अक्का, दोन्ही सेमच दिसलालंय की." वाक्यं अशी होती: केरीआ के आब्लारा (त्यानं बोलावं अशी माझी इच्छा होती) आणि मान्याना आब्लारा (उद्या तो बोलेल). एक इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, दुसरं साधं भविष्य. रोमनमध्ये भविष्याच्या शेवटच्या 'a' अक्षरावर तिरकी रेघ असते, आणि बोलताना पहिल्यात जोर 'ब्ला' वर, दुसऱ्यात 'रा' वर. देवनागरीत दोन्ही एकच. आणि हे नुसतं लिहिण्याचं नाही, आपल्या मराठी तोंडाला जोर कुठं द्यायचा याची सवयच नाही, आपण सगळी अक्षरं सपाट म्हणतो, त्यामुळे समोरच्या स्पॅनिशवाल्याला 'बोलावं' ऐकू येतं की 'बोलेल' ते त्याच्या नशिबावर.

उपाय म्हणून अवग्रह घेतला. ज्या अक्षरावर जोर त्याच्या पुढे ऽ. तर:

केरीआ के आब्लाऽरा.
मान्याना आब्लाराऽ.

तू साठी आब्लाऽरास आणि आब्लाराऽस, ते साठी आब्लाऽरान आणि आब्लाराऽन. 'आम्ही'त हा घोळ नाही कारण भविष्याचं रूप आब्लारेऽमोस, तिथं रे येतो.

हा घोळ फक्त आर गटात आहे. कोमेरचं भविष्य कोमेराऽ, सबजंक्टिव्ह कोमिएऽरा, मधला 'मिए' फरक दाखवतो. बिबिराऽ आणि बिबिएऽरा, तेच. पण सगळ्यात जास्त क्रियापदं आर गटातच, त्यामुळे ऽ सगळीकडे लावायचा ठरला.

'आम्ही' चं रूप मुद्दाम मोठ्या अक्षरात: आब्लाऽरामोस, कोमिएऽरामोस, बिबिएऽरामोस. जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर. स्पॅनिश शब्द स्वरावर, न वर किंवा स वर संपला की जोर आपोआप शेवटून दुसऱ्यावर पडतो, इथं तो एक घर मागे राहतो, म्हणून रोमनमध्ये या रूपावर रेघ कायम द्यावीच लागते, परीक्षेत याचाच मार्क जातो. आपली मंडळी 'आब्लारामोस' म्हणताना 'रा' वर बसतात, भाऊ तर अजून बसतो.

१२ ते १७ जानेवारी

काम बंद. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. चौदाला अक्षता सोहळ्याला गेलो, गर्दीत चपला गेल्या एकीच्या. होम मैदानावर पाळण्यात बसून कॉलेजच्या पोरीनं 'ओखाला' म्हणून काहीतरी वाक्य बनवलं, पाळणा वर गेल्यावर शेवट ऐकू आला नाही.

१९ जानेवारी

'से' वाली रूपं. याच काळाची दुसरी जोडी आहे, रा च्या जागी से: आब्लाऽसे, आब्लाऽसेस, आब्लाऽसेमोस, आब्लाऽसेन. अर्थ तोच. बोलण्यात रा जास्त चालतं, लॅटिन अमेरिकेत तर जवळपास रा च, से स्पेनमध्ये आणि लिखाणात भेटतं. नम्रपणे काही मागायचं असेल तेव्हाचं किसिएऽरा मात्र से ने होत नाही, तिथं रा च.

दोन जोड्या का, तर लॅटिनमध्ये ही दोन वेगळी रूपं होती. से वालं लॅटिनच्या सबजंक्टिव्हमधूनच आलंय. रा वालं आलंय साध्या पूर्ण-भूतकाळातून, 'त्यानं केलं होतं' त्यातून, आणि हळूहळू सरकत सबजंक्टिव्हमध्ये येऊन बसलं, इतकं की जुन्या मालकालाच त्यानं बाजूला केलं. स्पॅनिश पेपरांत आजही कधी रा चं रूप 'केलं होतं' या जुन्या अर्थानं दिसतं, तो त्याचा पूर्वीचा धंदा.

काका म्हणाले हे कागदावर घ्या. नाही घेतलं. ओळखता यावं एवढंच, चौकटीत दोन ओळी.

२२ जानेवारी

आता खरा भाग, वापरायचं कधी.

पुस्तकात इच्छा, भावना, शंका, विनंती अशी यादी आहे, लोक ती पाठ करतात आणि बोलायच्या वेळी यादी आठवेपर्यंत समोरचा निघून जातो. मी काकांना विचारलं, काका, मराठीत याला जवळ काय. त्यांनी चष्मा काढला, आणि एकदम शाळेतल्यासारखं चालू झालं: क्रियापदाचे अर्थ चार, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. स्वार्थ म्हणजे जे घडलं ते सांगणं, आज्ञार्थ हुकूम, विध्यर्थ म्हणजे 'करावा, यावं, बोलावंस', संकेतार्थ म्हणजे 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं'. सगळ्यांनी सातवी-आठवीत कधीतरी हे पाठ केलंय आणि विसरलेत.

आणि मग दिसलं की स्पॅनिशचं हे एक रा रूप आपल्या दोन खोल्यांत मिळून राहतं. गोष्ट मागची असेल तर विध्यर्थाचं काम तेच करतं, आणि संकेतार्थातल्या 'जर' च्या अर्ध्या भागाचं पण तेच. कागदाचं नाव तिथंच ठरलं, 'वा' आणि 'असता'.

वा ची बाजू आज लिहिली.

किएरो के त्राबाखेस, तू काम करावंस अशी माझी इच्छा आहे. हा वर्तमान, साधा प्रेझेंट सबजंक्टिव्ह. तेच मागे ढकलायचं: केरीआ के त्राबाखाऽरास, तू काम करावंस अशी माझी इच्छा होती. मराठीत गंमत अशी की 'करावंस' तसंच राहतं, फक्त 'आहे' चं 'होती' होतं. स्पॅनिशमध्ये पुढचं (वाक्यातलं पहिलं) क्रियापद मागे, म्हणजे भूतकाळात, गेलं की मागचंही (दुसरं) मागे जातं. म्हणून आपली माणसं केरीआ म्हणून पुढे बिनधास्त त्राबाखेस लावतात, कारण डोक्यातलं 'करावंस' हललेलंच नसतं. कागदावर हे लाल पेनाने.

करणारा एकच असेल तर हे काही नको. मला बोलायचं होतं, केरीआ आब्लार. तू बोलावंस असं मला वाटत होतं, केरीआ के आब्लाऽरास. मराठीतही पहिल्यात 'वा' नाही, दुसऱ्यात आहे.

'वाटणं' या शब्दाशी जरा सांभाळून. 'तो स्पॅनिश बोलतो असं मला वाटत होतं', क्रेईआ के आब्लाबा एस्पान्योल, इथं सबजंक्टिव्ह नाही, समज आहे नुसती. 'त्यानं स्पॅनिश बोलावं असं वाटत होतं', इथं आहे. 'वाटत होतं' दोन्हीकडे तेच, फरक 'असं' च्या आधीच्या क्रियापदात, म्हणून वाटण्याकडे बघू नका, वा कडे बघा. पण 'नाही' आलं की पलटतं, नो क्रेईआ के आब्लाऽरा एस्पान्योल, तो स्पॅनिश बोलत असेल असं वाटलं नव्हतं, आणि इथं मराठीत वा नाही. शंकेच्या आणि नकाराच्या वाक्यांत वा ची टेस्ट गळते हे मान्य करून टाकलं, त्यासाठी वेगळी ओळ.

२४ जानेवारी

भावनेच्या वाक्यांतही टेस्ट गळते असं मी लिहिलं होतं. 'तू जिंकलास याचा आनंद झाला', मे आलेग्रो के गानाऽरास, मराठीत वा कुठाय. काका म्हणाले थांबा, 'तुझ्यासारख्यानं असं बोलावं याचं वाईट वाटलं', हे काय आहे मग? बोलला तर आहेच तो, घडलेलीच गोष्ट, तरी आपण 'बोलावं' म्हणतो. घडलं की नाही ते सांगायचंच नसतं, त्यावर मनात काय आलं ते सांगायचं असतं. स्पॅनिशवाले नेमकं हेच करतात, फक्त ते राग, आनंद, आश्चर्य सगळ्याला करतात, आपण जास्त करून नवल आणि वाईट वाटण्याला.

पुस्तकातलं भावनेचं पान वाचून कुणाच्या डोक्यात न शिरलेलं या एका वाक्यात शिरलं. कॉलेजच्या पोरीनं लगेच बनवलं, मे सोर्प्रेंदिओ के येगाऽरान तेंप्रानो, ते लवकर यावेत याचं नवल वाटलं. (आपल्या ग्रुपात कुणी लवकर यायचा प्रश्न नाही.)

'म्हणून' चं पण बसलं. त्यानं शिकावं म्हणून पैसे दिले, पारा के एस्तुदिआऽरा. वा आला, रा आला. आंतेस दे के, म्हणजे 'च्या आधी', तिथं मराठीत वा नाही पण स्पॅनिशमध्ये कायम सबजंक्टिव्ह, ते वेगळं पाठ करायचं.

२७ जानेवारी

आज पाणी होतं, त्यामुळे सगळे उशिरा, दादा तर टाकी भरल्यावरच आले. पण आल्या आल्या त्यांनी एक मेल पुढे केली आणि अख्खा तास त्यातच गेला, आणि बरंच झालं.

मेलमधलं वाक्य: नोस पिदिएरोन के एंबिआऽरामोस लास मुएस्त्रास. त्यांनी आम्हाला सॅम्पल पाठवायला सांगितली. एंबिआर (पाठवणे) वर्तमानात जोर इकडेतिकडे करतं, पण प्रेटेरिटचं 'ते' सरळ एंबिआरोन, म्हणून आपल्या कागदात बसतं. दादांना अर्थ कळला होता, पण उत्तर लिहिताना त्यांनी अडवलं स्वतःला, 'आम्ही त्यांना शिपमेंटच्या आधी पैसे द्यायला सांगितलं' हे कसं. ले पेदिमोस के पागाऽरा आंतेस देल एंबिओ. बायर एकटा असेल तर हे, कंपनीतले सगळे असतील तर लेस आणि पागाऽरान.

खरी अडचण इथं मराठीच्या सवयीची आहे. आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून 'म्हणून' लावतो. आई म्हणाली उशीर करू नकोस म्हणून. साहेबांनी सांगितलं फोन कर म्हणून. हुकूम हुकूमच राहतो, वाक्यात. स्पॅनिशमध्ये हुकूम उचलून नेता येत नाही, तो मोडून रा मध्ये घालावा लागतो: मे दिखो के नो येगाऽरा तार्दे, मे दिखो के यामाऽरा. म्हणजे जिथं जिथं मराठीत 'कर म्हणून सांगितलं', 'नको म्हणून सांगितलं', तिथं तिथं रा. हे ग्रुपला इतकं पटलं की पुढची दहा मिनिटं सगळे घरच्यांची बोलणी स्पॅनिशमध्ये आणत होते, भावाची आई दिवसभर काय काय सांगते ते सगळं त्यात आलं.

आणि ज्यात हुकूम नाही, नुसती बातमी आहे, तिथं रा नाही. जोडी नीट बघायची: मे दिखो के त्राबाखाबा, तो म्हणाला की तो काम करतो. मे दिखो के त्राबाखाऽरा, तो म्हणाला काम कर. एका अक्षराचा फरक, बा की रा. टॉवेलच्या ऑर्डरमध्ये हा फरक चुकला तर कोण काम करणार यावरच भांडण.

१ फेब्रुवारी

असता ची बाजू.

सि आब्लाऽरा एस्पान्योल, त्राबाखारीआ एन माद्रिद. मला स्पॅनिश येत असतं तर मी माद्रिदमध्ये काम केलं असतं. मराठीत दोन्हीकडे असतं, असतं. दोन्ही पारडी सारखी. स्पॅनिशमध्ये सारखी नाहीत, 'जर' कडे रा, 'तर' कडे रीआ. सवयीनं आपण दोन्हीकडे एकच ठेवतो, बहुतेक दोन्हीकडे रीआ. सि आब्लारीआ हे प्रमाण स्पॅनिशमध्ये चालत नाही. स्पेनच्याच उत्तरेला, बास्क प्रदेशात वगैरे, लोक बोलताना असं म्हणतात, पण आपण तिथले नाही, परीक्षेत आपल्याला कुणी माफ करणार नाही.

दुसरा सापळा याहून वाईट. नावात 'इम्परफेक्ट' आहे म्हणून सगळ्यांना वाटतं की ही भूतकाळातली गोष्ट. सि वाल्या वाक्यात ती आजची किंवा पुढची असते, फक्त खरी नसलेली. सि त्राबाखाऽरा आकि, म्हणजे मी इथं काम करत असतो तर, आत्ता, पण नाही करत. काल घडायला हवं होतं ते वेगळं, त्याला उबिएरा लावून दोन शब्द: सि उबिएरा त्राबाखादो. आणि मराठीचं 'असतो तर' दोन्हीकडे चालतं! 'पगार वाढला असता तर गाडी घेतली असती', हे गेल्या दिवाळीचं की आत्ताचं, ते ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. म्हणून कागदावर भाषांतराच्या आधी कंसात 'आज?' की 'गेलं?' असं लिहायची सक्ती केलीय. भावाला हे बालिश वाटलं. मग त्यालाच पाच वाक्यं दिली, गप्प बसून कंस भरायला लागला.

आणि जे खरोखर होऊ शकतं त्याला सबजंक्टिव्हच नको. पाऊस आला तर जाणार नाही, सि युएबे, नो बोय. साधा वर्तमान.

४ फेब्रुवारी

किरकोळ पण कामाची मंडळी.

कोमो सि, जणू काही, याच्यापुढे कायम रा, विचारच करायचा नाही. आब्ला कोमो सि बिबिएऽरा एन माद्रिद, माद्रिदमध्ये राहत असल्यासारखा बोलतो. इथं पुढचं क्रियापद वर्तमानात आहे तरी रा, हे लक्षात राहावं म्हणून वेगळ्या रंगात. दुसरं असंच: नो क्रेओ के त्राबाखाऽरा आयी, तो तिथं काम करत होता असं मला नाही वाटत. नाही वाटत आत्ता, काम मागचं. म्हणजे 'पुढचं मागे तरच मागचं मागे' हा नियम अर्धाच खरा, गोष्ट जुनी असेल तरी रा येतं.

ओखाला हा शब्द अरबीतून आलाय, देवाच्या मर्जीचं वाक्य घासून घासून एक शब्द झाला. विजापूर वेशीतल्या दुकानात दिवसातून दहा वेळा इन्शाल्ला ऐकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. पुढे प्रेझेंट सबजंक्टिव्ह लावला तर आशा खरी आहे, रा लावला तर आशा जवळपास सोडलेली. ओखाला युएबा, पडू दे बाबा पाऊस. ओखाला योबिएऽरा, पडला असता तर किती बरं झालं असतं. फेब्रुवारीतच रस्त्यावर पाय ठेववत नाही अशा गावात दुसरं वाक्य आधी पाठ होणार. एकीनं विचारलं, पाऊस 'ते' कसा पडेल, रोन वालं रूप कुठून आणायचं. आहे की, योबिएरोन क्रीतिकास, टीकेचा पाऊस पडला. स्पॅनिशलोक पण आपल्यासारखीच टीकेची झड लावतात.

किसिएऽरा आपल्या यादीत नाही (केरेर वाकडं आहे) पण हॉटेलात कॉफी मागायला लागतंच, किसिएऽरा उन काफे, म्हणून शेवटच्या ओळीत घुसवलं.

८ फेब्रुवारी

छपाई. झेरॉक्सवाल्यानं फाइल उघडली आणि सगळे ऽ चौकोन झाले, त्याच्याकडे जुने फाँट. म्हणजे ज्या खुणेवर अख्खा कागद उभा, तीच गायब. पीडीएफ करून परत नेली. तो निवांत विचारतो, "मॅडम, हे मंत्र आहेत का?" ऽ बघून त्याला संस्कृत वाटलं असणार. हो म्हणून टाकलं, लवकर काढून दिला.

९ फेब्रुवारी

कागद वाटला. पहिली चाचणी म्हणून ऽ असलेली आणि नसलेली वाक्यं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केली, व्हॉट्सॲपवर टाकली, ऐकणाऱ्यानं 'बोलावं' की 'बोलेल' ओळखायचं. ऽ सकट वाचलेलं बहुतेक नीट ओळखलं जातंय. दादा जोराच्या जागी अक्षर नुसतं लांबवतात, आब्लाऽऽऽरा, कीर्तनात म्हणतात तसं, पण निदान योग्य अक्षर लांबतंय, चालेल. काकांचा उच्चार सगळ्यात स्वच्छ निघाला. वृत्तात कविता म्हणायची सवय, लघु-गुरू त्यांच्या कानात बसलेलेच.

कच्चे दुवे: 'आम्ही' चं रूप अजून घसरतंय, आणि सि वाक्यात दोन्हीकडे रीआ लावायची खोड गेली नाही. कंस भरायची सक्ती तशीच ठेवणार.

१३ फेब्रुवारी

दादांनी ऑफिसातून एका करारनाम्याचा फोटो पाठवला, त्यात उबिएरे असा शब्द, विचारतात ही प्रिंटिंग मिस्टेक का. नाही. रा आणि से सारखंच रे वालं तिसरं रूप आहे, फ्युचर सबजंक्टिव्ह, तेही त्याच रोन मधून निघतं, आब्लाऽरे, कोमिएऽरे. बोलण्यातून गेलंय, कायद्याच्या कागदात आणि म्हणींत उरलंय. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत मनुष्यवधाचं १३८ वं कलम असंच सुरू होतं, एल के माताऽरे आ ओत्रो, जो दुसऱ्याला ठार करील. मातार, रेग्युलर आर क्रियापद, मातारोन, माताऽरे. आपल्याच नियमातून पडलेलं. म्हणींमधलं आ दोंदे फुएऽरेस, आस लो के बिएऽरेस, जाशील तिथलं बघशील तसं कर, हे पण तेच.

काका खूश, त्यांना असले मागे राहिलेले शब्द आवडतात. दादांना मात्र एवढंच हवं होतं की सही करायची की नाही. ते वकिलाला विचारा म्हटलं.

रे कागदावर जाणार नाही. पुढचा कागद इर गटातल्या पोटबदलूंचा, पिदिएऽरा, दुर्मिएऽरा, आणि त्याच्या मागच्या बाजूला तुबिएऽरा, दिखेऽरा, फुएऽरा, इसिएऽरा. त्याआधी सगळ्यांचं प्रेटेरिटचं 'ते' पक्कं करून घ्यायचं, सोमवारी तोंडी घेणार आहे, भावाला आधीच सांगितलंय पाठ करून ये म्हणून. ले दिखे के एस्तुदिआऽरा. बघू.